बासष्ट हजार कोटींची बातमी वाचताना

संरक्षण मंत्रालयाने २५ सप्टेंबर २०२५ रोजी हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी ९७ तेजस मार्क-१ए लढाऊ विमानांचा, कर वगळून ६२,३७० कोटी रुपयांचा करार केला, त्या संध्याकाळी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर एकाने मोबाईल पुढे करून विचारले, "सर, उद्या बाजार उघडताच कंपनीचा शेअर घेऊन टाकू काय?"

मी त्यांना आधी भागाकार करायला लावला. कंपनीची २०२४-२५ ची उलाढाल सुमारे ३१ हजार कोटींची, म्हणजे आकडा वर्षाच्या धंद्याच्या दुप्पट दिसतो. पण विमाने २०२७-२८ पासून सहा वर्षांत द्यायची आहेत, तेव्हा सरासरीने वर्षाला दहा हजार कोटींच्या आसपासच पडतात, आणि तेही दोन वर्षांनंतर. शिवाय ही बातमी नवी नव्हतीच. याच ९७ विमानांना संरक्षण संपादन परिषदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'गरजेची मान्यता' दिली होती. ही मान्यता म्हणजे खरेदीची पहिली पायरी. त्यानंतर निविदा, किमतीची घासाघीस आणि मंत्रिमंडळ समितीची मंजुरी असते. या व्यवहारात मान्यतेपासून सहीपर्यंत बावीस महिने गेले. बाजार मात्र दोन्ही वेळा तीच ऑर्डर नव्याने मोजू शकतो.

सही झाली तरी पुढचा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजसचा करार झाला, पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत अपेक्षित होते, आणि अमेरिकेहून यायचे पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये आले. ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या ऑर्डरींची यादी, भरलेले असून माल अडकतो तो असा.

उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांना हे सांगावे लागत नाही. त्यांच्या टेबलावर ॲल्युमिनियमचा एक ब्रॅकेट पेपरवेट म्हणून पडलेला असतो. एका छिद्राचे माप किंचित चुकल्याने तो तपासणीत नापास झाला. "पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आली की घरात पेढे वाटतात," ते म्हणाले, "मी बिल पास झाल्यावर वाटतो."

आमच्याकडची आणखी एक गल्लत म्हणजे लढाऊ विमानाची बातमी आली की बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीचे नाव निघते. तेथील विशेष आर्थिक क्षेत्रातले भाग मुख्यतः एअरबस आणि बोइंगच्या प्रवासी विमानांत जातात; त्या धंद्याची गती विमान कंपन्यांच्या मागणीवर ठरते, दिल्लीतल्या सहीवर नव्हे.

कट्ट्यावरच्या त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी शेअर घेतला की नाही, हे मी विचारले नाही. इंजिने किती आली, हे मात्र ते आता अधूनमधून मला विचारतात.