परसातल्या टाकीत सिल्व्हर पर्च आणि रेडक्लॉ : माझा अनुभव

ब्रिस्बेनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आमच्या घरामागे माशांची एक हजार लिटरची टाकी, तिच्या पाण्यावर वाढणारे खडीचे दोन वाफे आणि क्रेफिशसाठी (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला कोळंबीसारखा जीव) ठेवलेले एक पसरट टाके अशी व्यवस्था चालते. माशांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, ते नायट्रेट भाजीपाला शोषून घेतो आणि निवळलेले पाणी पुन्हा माशांकडे जाते, एवढेच ॲक्वापोनिक्सचे तत्त्व आहे. प्रत्यक्षात मात्र मासे, जिवाणू, वनस्पती आणि क्रेफिश यांना लागणारे पाणी तंतोतंत सारखे नसते आणि कोणाच्या गरजेला प्राधान्य द्यायचे हे आधी ठरवावे लागते. यांपैकी जो जीव सर्वांत नाजूक असेल त्याला सोसेल अशीच सगळी व्यवस्था आखावी, असे माझे मत अनुभवाने पक्के झाले आहे, आणि माझ्या परसात तो जीव म्हणजे क्रेफिश.

मी मूळची पेण तालुक्यातली. भातखाचरांलगतच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची आमच्याकडची रीत लहानपणापासून पाहिलेली, आणि तोच मासा ऑस्ट्रेलियात बारामंडी म्हणून सगळीकडे मिळत असल्यामुळे पहिला विचार त्याचाच आला. परंतु जिताडा हा उष्ण पाण्याचा मासा आहे. पाण्याचे तापमान 20 अंशांखाली गेले की त्याचे खाणे मंदावते, आणि ब्रिस्बेनच्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, उघड्यावरच्या टाकीत ते तापमान टिकवायचे तर विजेवर पाणी तापवत बसावे लागते. तिलापियाचा प्रश्नच नव्हता. जगभरातील ॲक्वापोनिक्समध्ये तो सर्वाधिक वापरला जात असला तरी क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे तिथे, तो उपद्रवी मासा ठरवलेला असून घरात पाळणेसुद्धा बेकायदा आहे. शेवटी मी सिल्व्हर पर्च निवडला. हा मरे आणि डार्लिंग या ऑस्ट्रेलियातल्या नद्यांच्या खोऱ्यातला मूळचा मासा थंडी आणि उन्हाळा दोन्ही सोसतो, गोळी खाद्य आनंदाने खातो आणि खायलाही चांगला आहे. नैसर्गिक नद्यांतून तो इतका घटला आहे की 2013 मध्ये त्याचा समावेश राष्ट्रीय पातळीवरच्या अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाला, त्यामुळे त्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) मत्स्यबीज केंद्रातूनच आणावी लागते. क्रेफिशमध्ये रेडक्लॉ घेतला. तो उत्तर ऑस्ट्रेलियातील नद्यांचा रहिवासी, इतर काही क्रेफिशच्या तुलनेत शांत आणि एकमेकांना कमी त्रास देणारा. पूर्ण वाढलेल्या नराच्या नांगीवर लाल डाग असतो, त्यावरून नर-मादी सहज ओळखता येतात.

टाकी, पाइप आणि पंप यांची जोडणी कोणीही कुशल माणूस शिकवू शकतो, म्हणून त्याविषयी फार लिहीत नाही. टाकी अन्नपदार्थांसाठीच वापरलेली असावी, वाफ्याची खोली साधारण 30 सेंटिमीटर असावी आणि पंपाने दर तासाला टाकीभर पाणी फिरवावे, इतके पुरेसे आहे. खडीची निवड मात्र जपून करावी. खडीवर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे असे समजावे. ती पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे याचे माप) सतत वर चढवत राहते आणि मग लोहासारखी द्रव्ये पाण्यात असूनही झाडांना मिळत नाहीत.

खरे काम सुरू होते ते पाणी भरल्यानंतर. ब्रिस्बेनच्या नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरामाइन असते. क्लोरीन उघड्यावर ठेवलेल्या पाण्यातून लवकर उडून जातो, क्लोरामाइन तसा जात नाही, त्यामुळे पाणी एक-दोन दिवस भरून ठेवणे येथे उपयोगाचे नाही आणि ते निष्प्रभ करण्यासाठी सोडियम थायोसल्फेट हे रसायन वापरावे लागते. त्यानंतर मासे न सोडता मी सुगंधविरहित अमोनिया थोडा थोडा टाकून तो लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम ठेवला आणि जिवाणूंची वाट पाहिली. आधी अमोनिया घटतो आणि नायट्राइट वाढते, मग दुसऱ्या गटाचे जिवाणू जम बसवतात तसे नायट्राइटही उतरते आणि शेवटी नायट्रेट दिसू लागते. वसंत ऋतूच्या उबदार पाण्यात याला चार ते सहा आठवडे लागतात. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत पूर्ण नाहीसा होतो आणि नायट्राइटही शून्यावर येते, असे तपासणी संचावर दिसल्याखेरीज बोटुकली आणायची नाही, हा नियम मी अजिबात शिथिल केला नाही. नायट्राइट माशाच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. पाण्यात दर हजार लिटरला एक किलो मीठ असले तर त्यातील क्लोराइडमुळे मासा बराच वाचतो, मात्र स्ट्रॉबेरीसारख्या पिकांना ते सोसत नाही.

सामूचे महत्त्व मला अमोनियाच्या मोजणीतून नीट कळले. संचावर दिसणारा आकडा एकूण अमोनियाचा असतो. त्यातला माशांना खरा घातक भाग 25 अंश तापमानाच्या पाण्यात सामू 7 असताना एक टक्क्याहूनही कमी असतो, तर सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे तोच आकडा एका टाकीत निरुपद्रवी आणि दुसऱ्या टाकीत जीवघेणा ठरू शकतो. दुसरीकडे जिवाणूंच्या कामामुळेच पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि सामू 6 च्या जवळ आला की जिवाणू स्वतःच मंदावतात. यावर मी शोधलेला उपाय क्रेफिशच्या गरजेतून आला. कालवांच्या शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून मी टाक्यात टांगते. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की शिंपले विरघळतात आणि सामू 7 च्या वर चढू लागला की विरघळणे मंदावते, त्यामुळे वेगळी मात्रा मोजावी लागत नाही आणि क्रेफिशला कवचासाठी लागणारे कॅल्शियमही सतत मिळते.

रेडक्लॉ वाढतो तो कात टाकून. जुने कवच उतरल्यानंतर नवे कडक होईपर्यंत तो इतका मऊ असतो की शेजारचा क्रेफिशच त्याला खाऊन टाकतो, आणि माशांसोबत ठेवला तर मासेही सोडत नाहीत. म्हणूनच मी त्यांना सिल्व्हर पर्चच्या टाकीत न ठेवता, वाफ्यांतून निथळलेले पाणी जमा होते त्या पसरट टाक्यात ठेवले आहे. क्रेफिशला खोलीपेक्षा तळाची जागा अधिक लागते. प्रत्येकासाठी निदान एक तरी पाइपचा तुकडा आणि वर कांद्याच्या जाळीदार पिशव्यांचे गुंते, अशी लपण्याची भरपूर सोय केल्यावरच मरतूक कमी झाली. उतरलेले कवच टाक्यातून काढायचे नाही, कारण ते खाऊन तो त्यातले कॅल्शियम परत मिळवतो. वाहत्या पाण्याच्या दिशेने चढून जाण्याची त्याला ओढ असते, त्यामुळे टाक्यावर घट्ट झाकण आणि पाणी बाहेर जाण्याच्या प्रत्येक तोंडाला जाळी हवीच. निसटलेला क्रेफिश मरतोच असे नाही. जवळच्या ओढ्यात पोहोचला तर तिथल्या जीवांचे नुकसान करतो, आणि ती जबाबदारी पाळणाऱ्याची आहे.

सर्वांत कडक नियम तांब्याचा. कोकणातल्या सुपारीच्या बागायतदाराला बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचे बुरशीनाशक, जवळचे वाटते. मलाही भाजीवर बुरशी दिसली की प्रथम तेच आठवते, पण मोरचूद असलेले कोणतेही औषध क्रेफिशला विष आहे. पितळेच्या जोडण्या आणि तांब्याच्या नळ्या या पाण्यात चालत नाहीत, आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही मी दूर ठेवते. पायरेथ्रिनसारखी कीटकनाशके तर अजिबात नकोत, कारण कीटक आणि क्रेफिश दोघेही संधिपाद आहेत आणि एकाला मारणारे औषध दुसऱ्यालाही मारते. अळ्यांसाठी बीटी (अळ्यांना मारणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिस) जिवाणूंची फवारणी करते आणि माव्यासाठी पानांवर पाण्याचा जोरदार फवारा मारते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर लोहाची कमतरता आहे असे समजून चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलेच राहील अशा रूपातले लोह, देते. लोहाला असे विरघळलेले ठेवणाऱ्या द्रव्यांपैकी डीटीपीए असलेला प्रकार घेते, कारण ईडीटीए प्रकार माझ्या पाण्याच्या सामूला नीट टिकत नाही. एवढ्यावर पालक, कोथिंबीर, चायनीज कोबी उत्तम येतात, आणि अळू तर या पाण्यात असे फोफावते की अळूवडीसाठी पाने दुकानातून आणावी लागत नाहीत.

उन्हाळ्यात चिंता प्राणवायूची असते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि त्याच वेळी माशांची गरज मात्र वाढलेली असते. त्यातच नोव्हेंबर ते मार्च हा येथे वादळांचा हंगाम, ज्यात वीज कधीही जाते. वीज गेल्याबरोबर आपोआप सुरू होणारा, बॅटरीवर चालणारा एअर पंप मी मुख्य पंपाइतकाच आवश्यक मानते. एका वादळी संध्याकाळी वीज बराच वेळ गेली, तेव्हा माशांची टाकी या पंपाने सावरली. पण क्रेफिशच्या टाक्यात हवेची नळी पोहोचत नव्हती आणि सगळे रेडक्लॉ जाळीच्या पिशव्यांवर चढून पाण्याच्या कडेला आले होते. प्राणवायू कमी पडला की ते असेच वर येतात. दुसऱ्याच दिवशी त्या टाक्यासाठी स्वतंत्र फाटा काढला, आणि आता मासे अजून शांत असताना क्रेफिश कडेला दिसले तर मी आधी हवा तपासते.

हिवाळ्यात खाद्य कमी करावे लागते. थंड पाण्यात मासे कमी खातात आणि जिवाणूही मंदावतात, त्यामुळे उरलेली गोळी तळाशी कुजून अमोनिया वाढवते. 10 अंशांपर्यंत उतरलेले पाणी रेडक्लॉला मारक ठरते, म्हणून त्या टाक्याला थर्माकोलचे आवरण घातले आहे आणि रात्री पंप मधूनमधून बंद राहील असे घड्याळ लावले आहे, कारण रात्रभर खडीतून फिरणारे पाणी लवकर थंड होते. एअर पंप मात्र रात्रभर चालू असतो.

सिल्व्हर पर्च ताटलीएवढे व्हायला वर्षाहून अधिक काळ लागतो. काढण्यापूर्वी काही दिवस त्यांना उपाशी ठेवून स्वच्छ पाण्यात ठेवावे लागते, नाही तर जिओस्मिन या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या द्रव्यामुळे मांसाला मातकट वास येतो. त्यानंतर कोकम आणि आगरी मसाल्याचे कालवण करायला हरकत नाही. रेडक्लॉ शिजवण्यापूर्वी मी बर्फ घातलेल्या पाण्यात त्याला पूर्ण निश्चल होऊ देते. जिवंत जीव थेट उकळत्या पाण्यात टाकणे मला मान्य नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका मादीच्या शेपटीखाली अंडी दिसली. रेडक्लॉच्या अंड्यांतून अळ्या न निघता थेट लहानसे क्रेफिशच बाहेर येतात, त्यामुळे घरच्या टाक्यात त्यांची वीण होणे शक्य असते, फक्त आईपासून सुटल्यावर त्यांना मोठ्यांपासून वेगळे करावे लागते. त्यासाठी जुन्या मालाच्या दुकानातून एक टब आणून तो एका वाफ्याला जोडला आहे, आणि तिथल्या पिल्लांचे कवच किती घट्ट होते हे पाहून शिंपल्यांची पिशवी वाढवायची की नाही ते ठरवीन.