पाय पुढे करणाऱ्या बायका

आमचं घर गुरुवार पेठेत, पंचहौदच्या देवळाजवळ. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही जुने मराठी ख्रिस्ती देऊळच म्हणतो. ज्येष्ठात माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत उतरली की आजी दोन दिवस स्टोव्हपासून हलायची नाही. पातेलंभर चहा, जिन्याखाली टेकलेल्या वारकरी बायका, आणि त्यांचे पाय चेपायला आम्ही मुली. १८९० साली याच पंचहौद मिशनमधल्या चहापायी टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती. आजीचा चहा मात्र कुणी नाकारलेला मला आठवत नाही. उलट मला त्या बायकांचा रागच यायचा. आल्या की बसल्या आणि बसल्या की पाय लांब. संकोच नाही, 'असू दे' नाही. वर 'अजून तेल घाल की गं पोरी!'

बावन्नाव्या वर्षी वहिनी आणि मी स्पेनमधली वारी चालायला गेलो. लिऑन शहरापासून सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत, 300 किलोमीटरच्या वर. हेरोद राजानं तलवारीनं मारलेला येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा याकोब, त्याची कबर तिथल्या कथीड्रलात आहे अशी परंपरा. वाटेला ते नुसतं कामीनो म्हणतात, म्हणजे वाटच.

खूण म्हणून पाठीवरच्या पिशवीला शिंपला बांधायचा. रस्ता विचारावा लागत नाही. भिंतीवर, झाडावर, दगडावर पिवळे बाण. ओ सेब्रेरो गावच्या एलियास वालिन्या नावाच्या पाद्र्यानं 1980च्या दशकात रंगाचा डबा घेऊन ते काढायला सुरुवात केली. सोबत एक घडीचं कार्ड असतं, त्यावर प्रत्येक मुक्कामी शिक्का. शेवटच्या 100 किलोमीटरांत रोज दोन शिक्के लागतात. वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे शिक्का पुसट उठला तर परत मारून घ्यायच्या. भेटेल तो 'ब्वेन कामीनो' म्हणतो, म्हणजे वाट शुभ होवो. चौथ्या दिवशी एका स्पॅनिश आजोबांना वहिनींच्या तोंडून 'माउली, माउली' गेलं. त्यांनी हसून टोपी काढली.

पाचव्या दिवशी माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. मुक्काम डोंगरातल्या एका साध्या धर्मशाळेत होता. तिला अल्बेर्गे म्हणतात. दुमजली पलंग, दहाला दिवे बंद, बूट दाराबाहेर मांडणीवर. भाडं नाही, निघताना पेटीत जमेल ते टाकायचं. सांभाळणारी बाई साठीच्या पुढची, स्वतः कधीतरी चाललेली, आता सुट्टी काढून सेवेला आलेली. माझं लंगडणं तिनं दारातच पाहिलं. खुर्चीकडे बोट केलं, समोर स्टूल ओढून बसली आणि हात पुढे केला. पाय मागत होती.

मी पाय खुर्चीखाली घेतले. 'नो, नो' म्हणाले. मोजे दिवसभराचे, घामट. परक्या बाईनं, तेही वयानं मोठ्या, माझ्या पायाला हात लावायचा? दर वर्षी पवित्र गुरुवारी आम्ही वाचतो की प्रभू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्र अडून बसला. मला तो नेहमी नम्र वाटायचा. त्या खुर्चीत बसल्यावर कळलं, तो नुसता अवघडला असणार.

वहिनी मागून म्हणाल्या, "अगं दे की! ती बिचारी कधीची ताटकळलीय."

दिला. तिनं कोमट पाण्यानं टाच धुतली, सुई ज्योतीवर धरली, फोडातून काळा दोरा आरपार ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापली. पाणी झिरपून जावं म्हणून. (आपले डॉक्टर ऐकून ओरडले.) मी पर्समधून युरो काढायला लागले तर तिनं मान हलवली. मग मी थरमॉसमधला चहा देऊ केला, तोही नको. मला काही म्हणजे काही परत करता येईना, आणि त्या रात्री फोडांपेक्षा तेच जास्त ठणकलं.

दुसऱ्या दिवशी लोखंडी क्रूस, क्रूस दे फेरो. उंच लाकडी खांबावर छोटासा क्रूस आणि खाली दगडांची टेकडी. प्रत्येक जण घरून आणलेला खडा तिथे ठेवतो. मी आजीच्या परसातला आणला होता. ठेवताना काही थोर वगैरे आठवलं नाही, थंडी मात्र सणकून होती. पुढचे दहा दिवस चढउतार, पाऊस, पाव आणि कोबी-बटाट्याचं सूप. ते सगळं सांगत बसत नाही. सांतियागोला कचेरीत विचारतात, चाललात ते धार्मिक कारणासाठी की दुसऱ्या कशासाठी? धार्मिक म्हटलं की लॅटिनमध्ये प्रमाणपत्र. आम्ही प्रॉटेस्टंट, संतांच्या कबरींशी आमचं फारसं देणंघेणं नाही, तरी मी बेलाशक धार्मिक म्हटलं.

यंदा पालखीला चहा मीच केला. सातारकडची एक म्हातारी जिन्याशी टेकली, गुडघ्यापर्यंत चिखल. मी घंगाळ घेऊन खाली बसले. तिनं एका हातात कप धरून दोन्ही पाय माझ्या मांडीवर टाकले आणि डोळे मिटले. मिनिटभरानं एक डोळा उघडून म्हणाली,

"जोर लाव की जरा. काय फुलं वेचतीस का?"