एका दणक्यात सत्तर फूट
आमच्याकडं सत्तर फूट विहीर पाडायची म्हणजे क्रेन लावा, सुरुंग लावा, दोन उन्हाळे घालवा आणि एवढं करून पाणी लागंलच याची गॅरंटी नाही. आणि तिकडं मंगळावर 24 डिसेंबर 2021 ला एक दगड पडला, असंल 5 ते 12 मीटरचा, आणि एका दणक्यात 150 मीटर रुंद, 21 मीटर खोल खड्डा, वर बर्फाचे धोंडे बाहेर फेकले ते वेगळंच! मंगळावरच साडेतीन हजार किलोमीटर लांब बसलेल्या नासाच्या इनसाइट यानाला त्याचा हादरा 4 तीव्रतेचा जाणवला, मग मंगळाभोवती फिरणाऱ्या एमआरओ यानाच्या कॅमेऱ्यात खड्डा सापडला. एवढा दगड आपल्याकडं आला असता तर बहुतेक हवेतच फुटला असता, पण मंगळाची हवा लई विरळ, तिचा दाब आपल्या हवेच्या एक टक्काही नाही.

जालन्याहून लोणार दोन-अडीच तासावर (आहे विदर्भात, पण आम्ही आपलंच समजतो). तिथलं सरोवरही असाच दगड पडून झालेलं, 1.8 किलोमीटर रुंद, तेही काळ्या बसाल्टमधलं (म्हणजे लाव्हाचा खडक), मंगळावरही बसाल्टच, म्हणून तर शास्त्रज्ञ लोणारचे दगड तपासत बसतात. आमचे मामा हे सगळं ऐकून एवढंच म्हणले, "बर्फ निघाला ना, मग आमच्या वावरात का नाही पडत एखादा?"