आधी कातडी सोलून पाहा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाला लागून, उडीद काढलेल्या रानात मेंढरं बसवली होती. सकाळी साडेसातला फोन आला : "डॉक्टर, गरुडानं तीन कोकरं मारली बगा. चार दिसांत तीन." मी पोचलो तेव्हा फोन करणाऱ्या मेंढपाळ मामांच्या हातात दाणेदार कीटकनाशकाची पुडी होती आणि गरुडाला विष घालायला एका मेलेल्या कोकराचं पोट चिरून ठेवलेलं. बांधावरच्या बाभळीवर पिंगट गरुड बसून होता.

"मामा, ती पुडी आधी माझ्याकडं द्या."

पिंगट गरुड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. विष घालणं, फास लावणं, अंडी काढणं, घरटं मोडणं, हे सगळं कायद्यानं शिकारच. शिक्षा किमान ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत जाते; २०२२च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान २५ हजार. कलम ११ खाली मारायची परवानगी मिळते ती माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. कोकरू गेलं, हे कारण त्यात बसत नाही. पण ज्याची कोकरं गेलीत त्याला कलमं ऐकवून काय होणार? कोकरू कशानं मेलं ते त्याच्या डोळ्यांसमोर दाखवावं लागतं.

पहिलं कोकरू ओढ्यात टाकून दिलेलं, त्याबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसरं, हे पोट चिरलेलं, आदल्या संध्याकाळचं. हातमोजे घालून मानेपासून कमरेपर्यंत कातडी सोलली. पाठीवर नख्यांची भोकं होती, पुढची तीन नि मागचं एक, पण कातडीखाली रक्त साकळलेलं कुठंच नाही. जिवंत जनावराला नख रुतलं की तिथं काळंनिळं होतंच. मेलेल्याला नुसतं भोक पडतं. खुरांच्या टोकांची पिवळट मऊ टोपी जशीच्या तशी होती, म्हणजे कोकरू पायावर उभं राहिलंच नव्हतं. फुप्फुसाचा तुकडा बादलीतल्या पाण्यात टाकला, तो तळाला गेला. एकही श्वास घेतलेला नव्हता. (ही परीक्षा ताज्या जनावरावरच करावी, कुजताना वायू धरला की मेलेलं जन्मलेल्याचं फुप्फुसही तरंगतं.) गरुडानं आयतं मढं खाल्लं होतं, एवढंच.

मामा बराच वेळ त्या बादलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पयलं पण असंच आलं हुतं. थंडगार."

एका कळपात मेलेली कोकरं लागोपाठ जन्मत असतील तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या जिवाणूंच्या रोगाची, शंका घ्यावीच लागते. तो माणसालाही होतो, म्हणून वार (व्यायल्यावर पडणारी झिल्ली) आणि गर्भ उघड्या हातानं उचलायचा नाही. व्यायलेल्या मेंढ्यांचं रक्त घेऊन रक्तजल पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं पाठवायला बर्फात ठेवलं.

तिसरं कोकरू वीस दिवसांचं. त्याच्या गळ्यावरची लोकर बाजूला केली तर सुळ्यांच्या जोडखुणा. तिथंच सुरी खाली ठेवली. लांडगा असेल तर वनखात्याची भरपाई मिळते, पण त्याला पंचनामा लागतो आणि मढं जागचं हललेलं नको. कुत्रं की लांडगा हे नुसत्या दातांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही, ठसे बघावे लागतात. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला आणि वनरक्षक येईपर्यंत ठशांवर पाट्या पालथ्या घातल्या. गरुडाच्या नावावर खापर फोडून मढं खाऊ दिलं असतं, तर मामांच्या हक्काचे पैसेही गेले असते. आणि विषारी मांसावर सगळ्यात आधी त्यांचीच राखणीची कुत्री पडली असती.

गरुड कोवळं पोर कधीच मारत नाही, असं मी म्हणणार नाही. अशक्त, आईपासून लांब पडलेलं कोकरू तो धरतो. दोन-अडीच किलोचा पक्षी तेवढ्याच वजनाचं कोकरू उचलून नेत नाही, जागीच फाडतो. म्हणून व्यायला आलेल्या मेंढ्या वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत, वस्तीजवळ ठेवायच्या. पहिले दहा-पंधरा दिवस कोकरं दिवसा डालग्याखाली किंवा वरून जाळी टाकलेल्या कोंडात. जाळी ताणून बांधावी, ढिली असली की पक्षी अडकतो नि नवीनच भानगड होते. वार आणि मढी त्याच दिवशी चार फूट खोल, चुना टाकून, विहिरीपासून लांब पुरायची. उघड्यावर पडलेली वारच गरुडाला, कुत्र्याला नि लांडग्याला वाड्याची वाट दाखवते.

दुपारी पंचनामा उरकल्यावर मामांच्या पोरानं खड्डा घेतला. मुरूम लागला म्हणून पहार आणावी लागली, पण त्यानं चार फूट भरल्याशिवाय सोडलं नाही.