दुसऱ्यांचे पूर्वज

गोव्यात राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांचा तोटा नसतो. पुणे-मुंबईहून कोणी ना कोणी टपकतंच, मग मंगेशी झालं, शांतादुर्गा झाली, बीचवर लोळून झालं की मी त्यांना ओल्ड गोव्याच्या म्युझियममध्ये नेते. चर्चपर्यंत सगळे खुशीत असतात, म्युझियम म्हटलं की तोंडं वाकडी. मामेभावाच्या मुलाने तर दारातच विचारलं, आत्या, आत एसी आहे का?

सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून जुना मठ आहे, त्यात पुरातत्त्व खात्याचं हे म्युझियम. खाली मूर्ती, वीरगळ, सतीशिळा वगैरे, ते सगळं सुंदरच आहे पण मी ज्यासाठी जाते ते वर आहे. पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची रांगेने लावलेली मोठमोठी पोर्ट्रेट्स, साठच्या आसपास. ही गॅलरी सुरू केली जुआंव द कास्त्रो या गव्हर्नरने, 1547 मध्ये. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून ऐंशी-एक वर्षं होती तेव्हा हा माणूस आपल्या आधीच्या साहेबांची चित्रं काढून घेत होता. काम दिलं गास्पार कोरैयाला. तो बखरकार, चित्रकलेतही हात बरा, शिवाय आधीच्या बऱ्याच साहेबांना त्याने स्वतः पाहिलेलं. पण रंगवलं कोणी? कोरैयानेच लिहून ठेवलंय की इथल्याच एका माणसाने, आणि इतकं हुबेहूब की बघणाऱ्याला ओळख पटावी. त्या माणसाचं नाव मात्र लिहिलं नाही. सरळ ‘इथला एक माणूस’. पुढे त्या चित्रांवर रंगावर रंग चढले, डागडुजी झाली, कोणाचं नाक कोणाला गेलं देव जाणे, पण साहेबांची नावं चित्रांवर आहेत, अल्बुकर्कसकट.

पाहुणे तिथे दहा मिनिटं थांबतात आणि मग शॉपिंग. शॉपिंग म्हणजे काजू, फ्रिजवर चिकटवायचं मॅग्नेट, आणि तो रंगीबेरंगी चिनी मातीचा कोंबडा. कोंबडा मूळचा पोर्तुगालमधल्या बार्सेलुश गावचा, तिथल्या दंतकथेतला, पण ‘गोव्याची आठवण’ म्हणून आता पुण्यातल्या निम्म्या फ्रिजांवर बसला असेल. बसू दे बापडा. काजू तरी इथलेच असावेत एवढीच अपेक्षा, आणि तीसुद्धा मी फार ताणत नाही.

मला स्वतःला जमवायचा नाद आहे तो जुन्या फोटोंचा. ओल्ड गोव्याचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं आणि म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो, त्यामुळे माझी सोय आपोआप झालेली आहे. फोटोंसाठी असं वेगळं दुकान नसतं, भंगारात, जुन्या सामानात शोधायचे. कुठलंतरी जुनं घर विकलं जातं, मुलं कॅनडात नाहीतर दुबईला, पलंग आणि खुर्च्यांना गिऱ्हाईक मिळतं, पितळेच्या भांड्यांना तर मिळतंच, आणि भिंतीवरचे आजोबा उरतात. भंगारवाला पैसे सांगतो ते सागवानी फ्रेमचे. मी एकदा म्हटलं, फ्रेम तुम्हीच ठेवा, मला फक्त फोटो द्या. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी केळ्याचं साल मागितलंय. म्हणाला, “फोटो फुकट गो बाय, पैसे फ्रेमचे.” आता हे आजोबा कुठे जातात माहितीये? रेस्टॉरंटांत. ‘जुन्या गोव्याचा फील’ हवा म्हणून भिंतभर परक्यांचे आईबाप टांगतात आणि खाली बसून लोक कलमारी खातात. मी कोणाला काय बोलणार म्हणा, मीही तेच करते, फक्त कलमारी देत नाही.

गंमत म्हणजे या फोटोंत म्युझियमच्या बरोबर उलट. ज्या पुठ्ठ्यावर फोटो चिकटवलेला असतो त्यावर स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरांत, ठसठशीत. पणजी जेव्हा कागदोपत्री नोव्हा गोवा होती, त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सौझा अँड पॉल हा इथला नावाजलेला स्टुडिओ, आणि तसलं काही हाताला लागलं तर माझा दिवस सोन्याचा. पण फोटोत बसलंय कोण? काही पत्ता नाही. तिकडे काढणारा गायब, इकडे काढून घेणारा.

माझ्याकडे एक फोटो आहे, आवडता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना, तो कुठेच जात नाही, ढगात संपतो. पुढे नऊवारीतली बाई, पंचविशीची असेल, नाकात नथ, आणि नथीवर नंतर कोणीतरी बारीक ब्रशने पिवळा रंग लावलाय, फक्त नथीवर, बाकी सगळा फोटो काळा-पांढरा. शेजारी स्टुलावर चार-पाच वर्षांचा मुलगा, कोट आणि बूट. बूट निश्चित स्टुडिओचेच, कारण दोन साइझ तरी मोठे आहेत आणि एक पाय अर्धा बाहेर आलाय. पोरगं हललंय, त्यामुळे चेहरा धूसर, पण बूट एकदम शार्प. बाई कॅमेऱ्याकडे बघत नाही, बुटाकडे बघतेय. पडेल आता, असं. हे मला त्या साठ साहेबांच्या एकाही चित्रात दिसत नाही.

मावशीला हे अजिबात पसंत नाही. “मेलेली परकी माणसं घरात कशाला आणतेस गो? त्यांचं श्राद्ध कोण घालणार?” हा तिचा मुद्दा तसा बिनतोड आहे. म्हणून मी ती भिंतीवर लावत नाही, डब्यात ठेवते. डबाही असातसा चालत नाही कारण गोव्याचा पावसाळा. चार महिने हवेतच पाणी, फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि फ्रेमच्या काचेला घट्ट चिकटतो, मग लोक सुरीने काढायला जातात आणि आजोबांचं अर्धं कपाळ काचेवर राहतं. काढू नयेच, काचेसकट स्कॅन करावा. कसर लागते ती वेगळीच, तिला जिलेटिन आणि खळ म्हणजे पक्वान्न. आणि ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम, वरून प्लॅस्टिक असलेले, ते तर फोटोंचे वैरीच. त्यापेक्षा आधीचे काळ्या पानांचे, कोपरे लावलेले बरे, त्यातून फोटो निदान सुटा निघतो.

यंदा पावसाच्या आधी आमच्याच घरचा गठ्ठा काढला. म्हटलं निदान आपल्या माणसांची नावं तरी मागे लिहू, मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो म्हणून. चहाबरोबर मावशीला बसवलं. एका ग्रुप फोटोत पाच बायका, वाड्याच्या पायऱ्यांवर, कोणाच्यातरी मुंजीत. चार तिने धडाधड सांगितल्या, कोणाचं माहेर कुठलं, कोणाच्या कानातल्या कुड्या नंतर कोणी ढापल्या, सगळं. पाचवीशी गाडी अडली. मावशी म्हणते ही बायो, आई फोनवरून फोटो बघून म्हणते बायो कशी असेल, बायो उंच होती, ही बायोची जाऊ. मावशी म्हणते तुला काय आठवतंय, तू तेव्हा पाळण्यात होतीस. आई म्हणते पाळण्यात तू होतीस. तिथे मी पेन्सिल ठेवून दिली, आणि आता दोघी गणपतीत भेटणार आहेत तेव्हा समोरासमोरच होऊ दे काय ते.