शेवटचे साडेआठशे किलोमीटर

बाबा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ताईचा फोन आला तेव्हा शिकागोत शुक्रवारची सकाळ होती. फोन ठेवला आणि आधी अंतर पाहिलं. शिकागो ते नागपूर साधारण १२,९०० किलोमीटर, सोळा तास. ताईला म्हटलं, "उद्या पोचतो."

पोचलो रविवारी. घराच्या दारापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत ३४ तास लागले.

ते सोळा तास म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिपक्यांमध्ये ताणलेली दोरी. विमान जवळपास तसंच जातं. शिकागोहून निघालं की पूर्वेला न वळता उत्तरेला तोंड करतं आणि ध्रुवाच्या बाजूने खाली येतं. दिल्लीपर्यंतचे १२,००० किलोमीटर साडेचौदा तासांत पार पडले. तिथवर काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते पुढच्या ८५० किलोमीटरबद्दल. परदेशातून येताना देशात जिथे पहिल्यांदा उतरतो, तिथेच सामान ताब्यात घ्यायचं, कस्टममधून काढायचं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करायचं. माझी बॅग पट्ट्यावर यायला सव्वा तास लागला. नागपूरचं शेवटचं विमान गेलं. रात्रभर खुर्चीत बसून होतो. ताईचा मेसेज आला, "भाऊ, सकाळी सातला ऑपरेशनला आत नेतायत." सातला माझं विमान धावपट्टीवर होतं.

मागे एकदा दोहामार्गे आलो होतो. तो रस्ता साधारण चौदाशे किलोमीटरने लांबचा, पण बॅग थेट नागपुरात मिळाली होती. या वेळी जवळचा म्हणून दिल्लीचा रस्ता धरला.

आणि हे नागपूरच्या वाट्याला यावं! १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री आपल्याकडे उतरायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतायची. बाबा हे अजून अभिमानाने सांगतात, आणि मला तो अभिमान पूर्ण पटतो. थैली एका रात्रीत देश ओलांडत होती. मला दिल्लीहून घरी यायला ती रात्र पुरली नाही.

नातेवाईक म्हणाले, इतक्या लांब जायचंच कशाला? माझ्या ऑफिसातल्या एकाची आई ॲरिझोनात असते, शिकागोपासून चार तासांच्या विमानावर. त्याला कुणी हे विचारत नाही. मीही आईबाबांना टाकून गेलेलो नाही. फोन आल्यापासून तीन तासांत घराबाहेर पडलो होतो.

बाबा शुद्धीवर आले तेव्हा मी शेजारी होतो. पहिला प्रश्न, "काहून रे, विमान लेट होतं का?"

नव्हतं, बाबा.

आता तिकीट काढताना दिल्लीहून नागपूरला येणारं शेवटचं विमान किती वाजता सुटतं ते आधी बघतो. ताईला सांगून ठेवलंय, माझे चार जोड कपडे तुझ्या कपाटात राहू दे. पुढच्या वेळी हातात फक्त पासपोर्ट असेल.