लाईट गेल्यावर पाणी कुठे जातं? रत्नागिरीतल्या रीफ टाकीचं प्लंबिंग

रीफ टाकी म्हणजे प्रवाळ आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. माझ्या टाकीचं माप 120 × 60 × 60 सेंटिमीटर, काच 12 मिलिमीटर. काठोकाठ 432 लिटर पाणी, नुसती काच 85 किलोच्या वर, शिवाय दगड, वाळू, स्टँड आणि खालची संपची टाकी (वरून आलेलं पाणी इथे जमतं आणि पंपाने परत वर जातं). सगळं मिळून 700 किलोच्या पुढे जातं. म्हणून जागा तळमजल्यावर निवडली, तीही पडवीच्या भिंतीला लागून. चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, गरम वारा बाहेर काढायला तीच बरी पडते.

काच भोकं पाडायला देण्याआधी मी सगळे पाईप, टँक निपल (काचेच्या भोकात बसणारा जोड) आणि युनियन (खोलता येणारा जोड) आणून टेबलावर जोडून बघितले. कारण आपल्याकडे दुकानात ‘एक इंची’ म्हणून तीन वेगळ्या जाडीचे पाईप मिळतात. घरगुती प्लंबिंगच्या यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 33.4 मिलिमीटर, शेतीच्या पीव्हीसीचा 32, आणि सीपीव्हीसीचा 28.6. दीड मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही आणि सोल्युशन लावून भरूनही निघत नाही, जोड पाझरतोच. बाहेरून मागवलेले मत्स्यटाकीचे फिटिंग बहुतेक 25 आणि 32 मिलिमीटरचे असतात, ते शेतीच्या पाईपशी जुळतात. यूपीव्हीसी सगळीकडे मिळतं म्हणून मी पूर्ण टाकी त्यातच केली. भोकाचं माप निपल हातात घेऊन व्हर्नियरने घेतलं, कॅटलॉगवरून नाही. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी आत हवी. आणि तळाची किंवा मागची काच टफन्ड नाही ना, हे काचवाल्याकडून आधी वदवून घ्या. टफन्ड काचेला ड्रिल लागला की तिचा चुरा होतो.

पाणी खाली आणायला मागच्या ओव्हरफ्लो पेटीतून (टाकीतलं वरचं पाणी हिच्यात ओसंडतं) एक इंची तीन पाईप काढले. पहिला पूर्ण सायफन, म्हणजे आत हवा न राहता पाण्याने भरून वाहणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह. दुसरा उघडा, त्यातून नुसती धार. तिसरा आणीबाणीचा, एरवी कोरडा. पहिल्या पाईपचं टोक संपच्या पाण्यात 2 ते 3 सेंटिमीटरच बुडवायचं. जास्त खोल गेलं तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि लाईट आल्यावर सायफन धरत नाही. तिसऱ्याचं टोक मात्र पाण्याच्या वर ठेवलं. त्यातून पाणी पडलं की आवाज होतो, आणि तो आवाज हाच इशारा. बॉल व्हॉल्व्हने सायफन बारीक जुळवता येत नाही. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी किंवा गनमेटलचा पुढे करतात. पीव्हीसीचा मागवावाच लागतो.

पितळाचं एवढं मनावर घेण्याचं कारण तांबं. माशांना चालेल इतकं तांबंही प्रवाळ, झिंगे आणि शंख यांना मारतं. प्लंबरला सांगितलं नाही तर तो सवयीने पितळी आट्याचे एमटीए, एफटीए (बाहेरून आणि आतून आटे असलेले जोड) बसवून जातो. बाहेरून प्लास्टिक दिसतं, आत पितळ असतं. आटे प्लास्टिकचेच हवेत, त्यावर टेफ्लॉन टेप. नळीला स्टीलच्या क्लिपाही नकोत, खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात.

आता संपचं गणित, कारण टाकी सांडते ती इथे चुकल्यावर. संप 90 × 45 × 40 सेंटिमीटर, चालू पातळी 23. वर 17 सेंटिमीटर मोकळे, म्हणजे साधारण 69 लिटर. लाईट गेली की वरच्या टाकीतलं रिटर्न नोझलपर्यंतचं (पंपाने चढवलेलं पाणी टाकीत पडतं त्या तोंडापर्यंतचं) पाणी खाली येतं: 2.5 सेंटिमीटरचा थर म्हणजे 18 लिटर, ओव्हरफ्लो पेटीतलं 10, पाईपांतलं 3. एकूण 31, अजून 38 लिटरची सोय शिल्लक. नोझल पाण्याखाली खोल ठेवलं तर हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. पाणी उलटं खाली ओढणारा सायफन तुटावा म्हणून रिटर्न पाईपला भोक पाडतात, मीही पाडलं, पण हिशेबात ते धरलं नाही. शेवाळ आणि चुन्याने ते कधी बुजेल सांगता येत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच.

उलटी बाजूही बघावी लागते. तिन्ही पाईप तुंबले आणि पंप चालूच राहिला तर संपमधल्या रिटर्नच्या, म्हणजे पंपाच्या, कप्प्यातलं सगळं पाणी वर जातं. तो कप्पा 30 × 45, पातळी 23, म्हणजे 31 लिटर. वर काठाखाली 5 सेंटिमीटर रिकामे ठेवलेत, तिथे 36 मावतात. एवढं जुळलं, पण मेख पुढे आहे. कप्पा रिकामा झाला की एटीओला (आटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राला) वाटतं पाणी आटलं, आणि तो गोडं पाणी सोडत सुटतो. म्हणून काही मिनिटांनी आपणहून थांबणाराच एटीओ घ्यावा, आणि त्याचा डबा 25 लिटरच्या वर नको. फ्लोट अडकून सगळा डबा संपमध्ये रिकामा झाला तरी 460 लिटरच्या आसपासच्या पाण्यात खारेपणा हजारी 35 वरून 33 वर येतो. टाकी ते सोसते.

रिटर्न पंप ताशी 4000 लिटरचा डीसी. उंची दीड मीटर, त्यात एल्बो; हातात निम्मंच येतं आणि ताशी टाकीच्या पाचपट पाणी फिरवायला तेवढं पुरतं. काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे 45 अंशांचे दोन लावले. प्रवाळाला लागणारा जोराचा प्रवाह वेव्हमेकर (टाकीच्या आतच पाणी ढवळणारे पंप) देतात, तो पंपाकडून मागू नये. स्किमरच्या (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) कप्प्याची पातळी आडव्या काचेने पक्की केली, नाहीतर रोज त्याचा फेस बदलतो.

फॅन लावून पाणी थंड करायचा सल्ला पुण्या-नाशकाकडे चालतो. मे महिन्यात किनाऱ्यावर हवा 33 अंश आणि दमट असते, ओल्या फडक्याचा थर्मामीटरच 27-28 दाखवतो. फॅन पाण्याची वाफ करूनच ते थंड करतो, त्यामुळे त्याच्या खाली नेऊच शकत नाही, आणि दिवे-पंप वर उष्णता ओततच असतात. 26 अंश हवे असतील तर चिलरच हवा, आणि तो कपाटाबाहेर. बंद कपाटात तो स्वतःचाच गरम श्वास ओढतो. अर्धा एचपी घेतला. पाव एचपी मेमध्ये थांबायचं नाव घेत नाही.

चिलर इन्व्हर्टरवर घेतलेला नाही. 12 व्होल्ट, 150 एएचच्या बॅटरीतून वापरण्याजोगे हजारेक वॉट-तास मिळतात. रिटर्न आणि वेव्हमेकर मिळून 60 वॉट, कागदावर 16 तास; इन्व्हर्टर स्वतःही खातो, 12 धरा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, चौकोनी वेव्हवर एसी पंप घुमतात आणि तापतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही जवळ असू द्या. बोर्डाला 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावला, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोल देऊन वर नेली, म्हणजे ओघळ बोर्डात जात नाही.

समुद्र दारात असताना मीठ विकत कशाला, असं इथे कुणीही विचारतं. पावसाळ्यात खाड्यांतून गोडं पाणी आणि गाळ येतो, जेटीजवळ डिझेलचा तवंग असतो. खारेपणा आज एक, उद्या दुसरा. कृत्रिम मीठ लिटरला 36 ते 38 ग्रॅम, पहिल्या भरणीला 17 किलो. पाणी आरओचं, पण घरगुती आरओतला टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी परत मिसळतो, तो बंद करून पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन जोडलं. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य हवं. दगड सिरॅमिकचे. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये येतं. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही आणू नका.

सोल्युशन 24 तास वाळू दिलं, मग साधं पाणी भरून दोन दिवस गळती बघितली. चाचण्या तीन: मेन स्विच पाडून संपची पातळी मोजणे, सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दुसरा-तिसरा पाईप पाणी घेतो का बघणे, आणि स्विच लावल्यावर सायफन किती वेळात धरतो ते पाहणे. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर टोक खोल आहे, पाईप थोडा कापा. गेट व्हॉल्व्ह दर वेळी पाव फेराच फिरवा आणि दहा मिनिटं थांबा, पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.